आईनं खरं सांगितलं तर

बालमृत्यूच्या कागदावर नशा हा शब्द सहसा येत नाही. तिथं न्यूमोनिया येतो, जंतुसंसर्ग येतो, जन्मतः कमी वजन येतं, दूध श्वासनलिकेत गेलं असं येतं. यातलं काही खोटं नसतं. बाळाचा श्वास खरोखर त्याच कारणानं थांबलेला असतो. पण त्या कारणाच्या मागे काय होतं हे विचारायची वेळ आली की वॉर्डातून आम्हाला निरोप येतो. बाळ तीन दिवस दूध ओढत नव्हतं, ते कुणाच्या लक्षात का आलं नाही? घरात कोण होतं? जे होतं ते शुद्धीवर होतं का?

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. पेशंटच्या घरचं बघणं हे आमचं काम. नवजात बाळांच्या कक्षात आणि बाळंतिणींच्या वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली. इथं ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे 16 अर्भकं दगावली. देशात 28. आकडा उतरत आला आहे आणि त्यामागे आशाताईंचे, अंगणवाडी सेविकांचे, परिचारिकांचे कष्ट आहेत. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं असतं. योजना उत्तम आहे. फक्त तिला दार लागतं. पुलाखाली, फलाटाच्या टोकाला किंवा दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईचं दार आशाताईनं कुठं शोधायचं? माझ्याकडे येणारी बाळं बहुतेक या बिनदाराच्या घरांतली असतात.

आधी दारूचं सांगते, कारण आमच्याकडे बाळांच्या वाट्याला सगळ्यात जास्त दारूच येते, आणि तिच्याबद्दल कुणाला धक्काही बसत नाही.

तीन महिन्यांची एक मुलगी सकाळी अपघात विभागात आणली होती. आणली तेव्हाच ती गेलेली होती. आई कोळंबी सोलायला ससून डॉकवर जायची. तिथला बाजार पहाटेच भरतो, त्यामुळे अंधारातच घर सोडावं लागायचं. निघताना तिनं मुलीला पाजलं, चटईवर भिंतीकडच्या बाजूला निजवलं आणि मधे उशी लावली. बाप रात्री उशिरा पिऊन आलेला, पलीकडे पडलेला. शेजारणीनं सातच्या सुमारास डोकावलं तेव्हा उशी बाजूला होती आणि बाळ त्याच्या अंगाखाली आलं होतं. त्याला त्या वेळीसुद्धा जाग आली नव्हती.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदनात अंगावर जखम नव्हती. व्हिसेरा राखून ठेवला आणि मृत्यूचं कारण राखीव असं लिहिलं. अशा मृत्यूत बरेचदा असंच होतं. गुदमरल्याच्या खुणा तान्ह्या बाळाच्या अंगावर दिसतीलच असं नाही.

मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते बाहेरच्या बाकावरचं बोलणं. जमलेल्या बायका, पुरुष, त्याच्याकडची माणसं सगळी एकच विचारत होती, आई सोडून गेलीच कशी? तिची सासू तर तिच्या तोंडावर म्हणाली, “पैशाची एवढी काय घाई होती गं तुला?” बाप भिंतीला टेकून रडत होता आणि लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याला कुणी काही विचारलं नाही. तो पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जे ठाऊक असतं त्याची चौकशी होत नाही. मी आईला बाजूला घेऊन बसले. ती म्हणाली, “ताई, मी उशी लावली होती.” मग तेच पुन्हा म्हणाली.

आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं आणि त्यात काही वाईट नाही. अंगावर पाजणारी, शुद्धीवर असलेली आई झोपेतही बाळाच्या हालचालीनं जागी होते. प्यालेल्या माणसाची ही जाग जाते. गर्दच्या गुंगीत जाते, झोपेच्या गोळ्यांनी जाते. ब्रिटनमध्ये 1991 साली बाळाला उताणं झोपवा अशी मोठी मोहीम निघाली आणि पाळण्यात अचानक होणारे मृत्यू तिथं झपाट्यानं कमी झाले. तिथल्या सल्ल्यात पुढे हेही ठळकपणे आलं की दारू किंवा नशा केलेल्या माणसानं बाळाबरोबर झोपू नये. आमच्या वॉर्डातल्या भिंतीवर स्तनपानाचा तक्ता होता, लसीकरणाचा होता, हात धुण्याचा होता. हे वाक्य कुठंच नव्हतं. आता मी प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना विचारते, रात्री बाळाच्या शेजारी कोण झोपणार आहे? तो पितो का? पीत असेल तर बाळ त्याच्यापासून लांब, उताणं, घट्ट अंथरुणावर आणि तोंडाजवळ उशी-गोधडी काही नको. सासू सोबत असेल तर तिच्यादेखत सांगते. सासवा ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मुलगा पितो हे सुनेपेक्षा त्यांना जास्त वर्षं माहीत असतं.

कामावर जाणारी आई आणि मागे राहिलेलं तान्हं, ही गोष्ट या शहराला नवी नाही. गिरण्यांच्या काळात कामगार बायका बाळाला अफूची गोळी चाटवून कामाला जायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. दिवसभर बाळ झोपून राहायचं, रडायचं नाही, भूकही मागायचं नाही. डॉ. बार्न्स या बाईंनी 1922 साली मुंबईतल्या कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली तेव्हा त्यांना अशा शंभरातल्या 98 बाळांना अफू दिली जाते असं आढळलं. वाचून अंगावर काटा येतो. पण त्या आयांना व्यसनी म्हणावंसं मला वाटत नाही. दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं आणि बाळाला सांभाळायला कुणी नाही, त्यात त्यांना सापडलेली ती वाट होती आणि त्या वाटेवर बाळं वाळत गेली. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतपणाच्या रजेचा भार राष्ट्रानंही उचलावा असा त्यांचा आग्रह होता. कोळंबीच्या टोपलीवर मजुरी घेणाऱ्या ससून डॉकवरच्या त्या आईला जवळजवळ शंभर वर्षांनीही रजा नव्हती आणि पाळणाघर नव्हतं.

आता गर्दचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या ब्राउन शुगरचं.

एक मुलगी, चोविशीतली असावी, कळा सुरू झाल्यावर थेट आली. कुठंच नाव घातलेलं नव्हतं. एक तपासणी नाही, एक सोनोग्राफी नाही. बाळ झालं ते पावणेदोन किलोच्या आतबाहेर. मुलगा. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो रडू लागला आणि ते रडणं वेगळं होतं, उंच पट्टीतलं, चिरकं, घेतलं तरी न थांबणारं. हातपाय थरथरत होते. सारख्या शिंका, सारख्या जांभया. मूठ अधाशासारखी चोखायचा, पण स्तनाला लावलं की ओढता येत नव्हतं. दोन घोट गेले की उलटी. सतत शी होऊन ढुंगण सोललं होतं. डॉक्टरांनी साखर बघितली, कॅल्शियम बघितलं, जंतुसंसर्गाच्या तपासण्या पाठवल्या, आणि ते बरोबरच होतं, कारण यातलं काहीही असू शकलं असतं. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला सकाळी म्हणाल्या, “याला टर्की लागलीय हो. आईशी बोला.”

टर्की म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास. आईच्या पोटात असताना बाळाला नाळेतून गर्द मिळत होती. नाळ कापली आणि पुरवठा बंद झाला. मोठ्या माणसाला जे होतं तेच पावणेदोन किलोच्या जिवाला होत होतं. गर्दच्या बाबतीत हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतं, गर्दऐवजी उपचार म्हणून देतात त्या मेथाडोनसारख्या औषधांच्या बाबतीत आणखी उशिरा. गंभीर गोष्ट अशी की आमच्याकडे साध्या बाळंतपणानंतर बाई लवकर घरी जाते. खाटांना रांग असते. कुणाच्या लक्षात आलं नाही तर बाळाचा हा त्रास ऐन रस्त्यावर शिगेला पोचतो, जिथं त्याचं रडणं थांबवायला आईकडे एकच उपाय असतो, आणि तो कोणता हे सांगायला नको.

मी तिच्या खाटेशी बसले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिलाही घाम फुटला होता, नाक गळत होतं, पाय एका जागी राहत नव्हते. मी बाळाबद्दल बोलले. काय घेत होतीस, कधीपर्यंत घेत होतीस, हे कळलं तर त्याला नेमकं औषध देता येईल, एवढंच. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग विचारलं, “पोलीस नाय ना बोलवणार?”

नाही म्हटलं.

“आणि बाळ घेऊन जाणार?”

याला मला सरळ नाही म्हणता येईना. मी म्हटलं, बाळाला सांभाळता येईल असं काय करता येईल ते आपण दोघी मिळून बघू, आणि जे होईल ते तुझ्यापासून लपवून होणार नाही. मग ती बोलली. पन्नीवर गर्द जाळून धूर ओढायची. सुई कधी घेतली नव्हती. पाचव्या महिन्यात एका दवाखान्यात नाव घालायला गेली होती. तिथं रांगेत सगळ्यांसमोर कुणीतरी तिला गर्दुली म्हणालं आणि अशांची पोरं मेलेलीच बरी असंही म्हणालं. त्यानंतर ती कुठंच गेली नाही. नवऱ्यानं मात्र घरगुती उपाय केला. पोरासाठी बंद कर म्हणून दोन दिवस कोंडून ठेवलं. तिच्या पोटात कळा येऊन रक्त जायला लागलं तेव्हा त्यानंच घाबरून पुडी आणून दिली.

यातला धोका त्या दोघांना सांगणारं कुणीतरी असायला हवं होतं. गरोदरपणी अफूजन्य नशा एकदम तोडली तर गर्भपात होऊ शकतो, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होऊ शकतं, बाळ पोटातच जाऊ शकतं. म्हणून अशा बाईला मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिनवर ठरावीक मात्रेत स्थिर ठेवतात. बाळाला जन्मानंतर त्रास तरीही होऊ शकतो, पण तो अपेक्षित असतो, त्याची तयारी असते आणि त्यावर इलाज आहे. चांगुलपणानं ‘आजपासून बंद’ म्हणणारा नवरा, आई, गुरुजी किंवा डॉक्टर इथं बाळाच्या जिवावर उठू शकतो.

बाळाला अंधाऱ्या कोपऱ्यात हलवलं. घट्ट गुंडाळलं, त्याच्याजवळचे मॉनिटरचे आवाज कमी केले, थोडं थोडं आणि वारंवार पाजायला सुरुवात केली, सोबत औषधाचे थेंब. आणि त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवलं. पूर्वी अशा बाळांना आईपासून दूर, थेट अतिदक्षता कक्षात ठेवायची पद्धत सर्वत्र होती. अमेरिकेत येल इथल्या डॉक्टरांनी गेल्या दशकात वेगळं करून बघितलं. बाळ नीट पितंय का, थोडा वेळ झोपतंय का, जवळ घेतल्यावर शांत होतंय का, एवढंच बघायचं आणि आईलाच औषध समजायचं. बाळांना औषधं कमी लागली आणि ती लवकर घरी गेली. आमच्या कक्षात जागा नसल्यामुळे जे आम्ही नाइलाजानं करत होतो, त्यातलं बरंचसं बरोबर निघालं.

पण त्यासाठी आई खाटेवर असावी लागते. तिची स्वतःची टर्की वाढत चालली होती, आणि तिला औषध मिळालं नाही तर तिसऱ्या रात्री ती जिना उतरणार हे सिस्टरना, मला आणि तिला, तिघींनाही ठाऊक होतं. अशी गेलेली बाई आमच्या नोंदीत ‘पळून गेली’ अशी लिहिली जाते. बाळ टाकून गेली, असं मग सगळे म्हणतात. मी मनोविकार विभागात धावाधाव केली. सरकारी पर्यायी औषधोपचाराची सोय मुळात एचआयव्ही रोखण्यासाठी, सुईनं नशा करणाऱ्यांकरता उभी राहिली. पन्नीवर ओढणारी बाळंतीण त्यात सहजी बसत नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला वॉर्डातच ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करायची जबाबदारी घेतली. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, अंघोळ केली, केस विंचरले आणि बाळाला मांडीवर घेऊन मला म्हणाली, “याचं नाक माझ्या आईसारखं हाय.” तिला आई आहे हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ती आजी मराठवाड्यातून आली. प्रकरण बालकल्याण समितीपुढे गेलं. समितीनं बाळ आजीच्या ताब्यात दिलं, आईनं उपचार चालू ठेवायचे आणि आजीच्या घरी राहायचं, दर महिन्याला अहवाल, अशा अटींवर. गावाजवळ औषध मिळेना म्हणून मधे ती एकदा घसरली, पुन्हा सावरली. मुलगा चालायला लागला आहे.

दुसऱ्या एका आईचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. तिनं काहीच सांगितलं नाही. विचारलं तेव्हा तंबाखू म्हणाली. तिचं बाळ वजनानं बरं होतं, थरथर फारशी नव्हती, आणि ती तिसऱ्या दिवशी घरी गेली. दुसऱ्या महिन्यात बाळ आणलं ते निळं पडलेलं. दूध छातीत गेलं होतं. बाटलीनं पाजता पाजता तिची मान पडली होती, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा बाटली तशीच त्याच्या तोंडात होती. मृत्यूच्या कागदावर श्वासनलिकेत दूध गेल्यानं मृत्यू, असं लिहिलं गेलं. तिच्यावर गुन्हा दाखल करावा असं आमच्यातल्याच काहींचं ठाम मत होतं. मला त्यांचा राग समजतो. बाळाला आपलं गाऱ्हाणं मांडता येत नाही आणि कुणीतरी त्याच्या बाजूनं चिडलंच पाहिजे. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम 77 मध्ये मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. ही कलमं असलीच पाहिजेत. घरात राहणं बाळाच्या जिवावर बेतणार असेल तर त्याला तिथून काढायला मी स्वतः समितीकडे गेले आहे आणि पुढेही जाईन, आई कितीही रडली तरी.

पण शिक्षेच्या भीतीचा उलटा परिणाम मी डोळ्यांनी बघते. जिला वाटतं की खरं सांगितलं तर पोलीस येतील, ती नाव घालत नाही, तपासणीला येत नाही, आणि विचारलं तर तंबाखू म्हणते. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करून झालं आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन इथं एका सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी त्यांच्या संमतीशिवाय कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांना दिले जात. 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे घटनाबाह्य ठरवलं. टेनेसी राज्यानं 2014 साली गरोदरपणी नशा करणाऱ्या बाईवर थेट गुन्हा दाखल करण्याचा कायदा आणला. बायका दवाखाना टाळू लागल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2016 मध्ये मुदत संपल्यावर तो पुढे चालवला गेला नाही.

आपल्याकडचा कायदा या एका बाबतीत पुष्कळ शहाणा आहे. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 64 अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर सेवनाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. ही गोष्ट किती गरोदर बायकांना माहीत आहे? किती डॉक्टरांना? मी आमच्या प्रशिक्षणार्थींना विचारते तेव्हा वर्गात एखादाच हात वर होतो.

2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष 27 टक्क्यांच्या वर आणि बायका दीड टक्क्याच्या आसपास आढळल्या. बायका कमी, म्हणून सोयी पुरुषांच्या मापानं झाल्या. पुण्यात 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्यातून महाराष्ट्राला व्यसनी माणसाकडे आजारी माणूस म्हणून बघायची सवय लागली, हे ऋण मोठं आहे. पुढे बायकांसाठीही तिथं वेगळा विभाग झाला. पण पोटुशी बाई किंवा कडेवर तान्हं असलेली बाई घेऊन मी फोन करायला बसते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, बाळंतपण झाल्यावर आणा. बाळंतपण झालं की म्हणतं, बाळ कुठंतरी ठेवून या. आधारगृह म्हणतं, नशा सुटल्यावर आणा. प्रत्येकाच्या नियमाला कारण आहे, आणि या सगळ्या कारणांच्या मधल्या फटीत बाळ आहे.

गेल्या पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागात एक मुलगी मला शोधत आली. चौथा महिना. मराठवाड्यात गेलेल्या त्या आईची पुलाखालची मैत्रीण. “तुम्ही पोलीस बोलवत नाय ना, म्हणून आले,” म्हणाली. नाव घातलं, सोनोग्राफी झाली, औषध सुरू झालं. रोज सकाळी तिनं रुग्णालयात येऊन समोर औषध घ्यायचं असतं. रेल्वेचं भाडं नसेल तेव्हा ती चालत येते. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी आमचा एक कार्यकर्ता पुलाखाली जाऊन बघून येतो. बाळंतपणाची तारीख जवळ आली आहे. त्यानंतर तिला आणि बाळाला एकत्र ठेवून घेईल अशा जागेसाठी मी सात-आठ संस्थांना पत्रं दिली आहेत. दोन संस्थांनी प्रतीक्षायादीत नाव घेतलं आहे. बाकीच्यांकडे या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.